मोटरवाल्याकडं आलेलं घड्याळ

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान आहे. आबांनी सुरू केलं, आता मी बघतो. आमच्याकडं येतं ते सगळं वजनदार. ऊसवाल्यांचे पाणबुडी पंप, फाउंड्रीतले ब्लोअर, पिठाच्या गिरणीची मोटर, दिवाळी तोंडावर आली की मिक्सर. त्यामुळं गेल्या श्रावणात मंगळवार पेठेतल्या एक मावशी रिक्षातून उतरल्या आणि सोलापुरी चादरीचं एक हलकं गाठोडं त्यांनी काउंटरवर ठेवलं, तेव्हा आत टेबल फॅन असेल असं मला वाटलं.

“घड्याळ हाय,” मावशी म्हणाल्या.

“मावशी, मग घड्याळवाल्याकडं...”

“तिकडनंच आले. त्यो म्हणाला ह्यात मोटर हाय, मोटरवाल्याकडं न्या. त्याच्या आधी वायरमनला दाखवलं, तर त्यो म्हणाला घड्याळ हाय, घड्याळवाल्याकडं न्या. आता तुम्ही कुठं पाठवताय ते सांगा.”

मी कुठंच पाठवलं नाही. गाठ सोडली तर आत चॉकलेटी बॅकेलाइटचं, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लास्टिकचं, गोल भिंतीवरचं घड्याळ. साधारण नऊ इंची डायल, साईसारख्या पिवळट रंगाची. आकडे साधे, इंग्रजी, कुठं वेलबुट्टी नाही. खाली बारीक अक्षरात ‘मेड इन इंग्लंड’. चावीचं भोक नाही, लंबक नाही, सेलची डबी नाही. मागून सुती वेष्टनाची पिळाची जुनी वायर लोंबत होती, आणि वायरीच्या शेजारी बोटाच्या पेराएवढी एक घुंडी.

एका दुकानदारानं मावशींना सांगितलं होतं, आतली मशीन काढून टाकतो, सेलची बसवतो, दीडशे रुपयांत उद्या घेऊन जा. मावशींनी चादर परत गुंडाळली. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “सेलचं टिकटिकतंय. हे कधी टिकटिकलं न्हाई.”

आज जगभर अशी किती घड्याळं त्या दीडशे रुपयांच्या मशीननं आतून पोकळ झाली असतील. डायल तीच, काटे कधी तेच, कधी तेही बदललेले, आणि आत चीनचा एक चौकोनी काळा डबा. भिंतीवर टांगलं की लांबून फरक कळत नाही. जवळ गेलं की कळतो. सेलच्या घड्याळाचा सेकंद काटा दर सेकंदाला एक धक्का खातो आणि थांबतो. विजेच्या घड्याळाचा काटा थांबतच नाही. तेलाची धार जशी अखंड पडते तसा तो फिरत राहतो. मावशींना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. साठ वर्षं त्यांनी ते ऐकलेलं होतं, म्हणजे ऐकू न येणं ऐकलेलं होतं.

मागचं झाकण काढलं आणि मी तासभर दुसरं कुठलंच काम हातात घेतलं नाही.

माझा सगळा जन्म इंडक्शन मोटारीत गेला. आमच्याकडं येणाऱ्या फोर पोल मोटारीच्या प्लेटवर १४४० आरपीएम, म्हणजे मिनिटाला १४४० फेरे, असं लिहिलेलं असतं. पन्नास सायकलच्या, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनं करणाऱ्या विजेवर आतलं चुंबकक्षेत्र १५०० नं फिरतं, पण रोटर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, त्याच्या मागं मागं राहतो. हे ६० चं मागं पडणं म्हणजे स्लिप. ही स्लिप असते म्हणूनच रोटरमध्ये करंट तयार होतो आणि मोटर भार ओढते. लोड वाढला की स्लिप वाढते, व्होल्टेज पडलं की वाढते. अशा मोटारीवर घड्याळ चालवायचं म्हटलं तर ते सकाळी एक वेळ दाखवेल आणि संध्याकाळी दुसरीच.

ह्या घड्याळातल्या मोटारीला स्लिप नाही. रोटर म्हणजे रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी पोलादी चकती, कडेला दाते. मी मोजले, ३०. भोवतीच्या स्टॅम्पिंगलाही, म्हणजे पत्र्याच्या स्थिर गाभ्यालाही, तेवढेच दाते. कॉइलमधून वीज गेली की प्रत्येक सायकलला दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा चुंबक जागा होतो, आणि प्रत्येक वेळी रोटर बरोबर एक दाता पुढं सरकतो. कमी नाही, जास्त नाही. म्हणजे मिनिटाला २०० फेरे. पुढची चाकं हे २०० फेरे कमी करत सेकंद काट्यापर्यंत एक फेरा आणून सोडतात. पहिलं चाक फायबरचं होतं, आवाज होऊ नये म्हणून.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत लेझमाचं पथक बघितलंय ना? हलगीचा ठेका पडतो तसं पाऊल पडतं. शंभर जण असू देत, पाऊल ठेक्यावरच. एखाद्याचं चुकलं तर तो थोडं मागं राहून नाचत नाही, त्याला थांबून पुन्हा ठेका धरूनच आत शिरावं लागतं. ह्या घड्याळातली मोटर, जिला सिंक्रोनस म्हणतात, तशीच आहे. ठेक्यावर किंवा बंद. मधलं काही नाही. आणि हलगी वाजते ती घरात नाही, लांब कुठंतरी, वीज तयार होते तिथं.

म्हणजे खरं सांगायचं तर हे घड्याळ वेळ मोजतच नाही. त्यात ना बॅलन्स चाक, ना लंबक, ना स्फटिक. जनरेटर किती वेळा फिरला ते मोजायचं आणि तासा-मिनिटांच्या भाषेत भिंतीवर सांगायचं, एवढंच त्याचं काम.

कॉइल जळालेलीच होती. दोन वर्षांपूर्वी मावशींच्या गल्लीत खांबावरचा न्यूट्रल तुटला आणि व्होल्टेज चढलं. घरातला टीव्ही गेला, फ्रिज गेला, आणि हेही त्याच दिवशी थांबलं. टीव्ही-फ्रिज नवे आले.

तार मायक्रोमीटरनं मोजली, ४४ गेज. आमच्याकडं मिक्सरच्या आर्मेचरला जी तार लागते ती ह्याच्यापुढं सुतळी वाटावी. नुसत्या डोळ्याला ही केसासारखी दिसते, आणि बोटाला घाम असला तर चिकटून तुटते. जळालेल्या कॉइलचे वेढे मोजता येत नाहीत, सगळं वार्निशमध्ये गोळा झालेलं असतं. अशा वेळी आबांची एक रीत आहे. जुनं तांबं सोडवून त्याचं वजन करायचं आणि त्याच गेजची नवी तार तेवढ्याच वजनाची भरायची. पण आमच्या दुकानातला काटा किलोचा. मग ते तांबं कागदाच्या पुडीत घालून गुजरीत गेलो. तिथं एका सराफाशी आमची तीन पिढ्यांची ओळख आहे. सोन्याच्या काट्यावर ते भरलं, बावीस ग्रॅम. त्यांनी काटा पुसून घेतला आणि कसलं तांबं म्हणून विचारलं. घड्याळाचं म्हटल्यावर पुडी पुन्हा उघडून बघितली.

हाताच्या मशीनवर वेढे घातले. आठ हजारांच्या पुढं गेले. तीन वेळा तार तुटली, त्यातली तिसरी साडेसहा हजारांवर. तिथं सांधा देऊन पुढं गेलो असतो तरी चाललं असतं, पण सांध्यापाशी कॉइल फुगते आणि ह्या बॉबिनमध्ये सुईच्या टोकाएवढीही जागा शिल्लक नव्हती. सगळं उलगडून परत पहिल्यापासून घातलं. चौथ्या वेळी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं, वाऱ्यानं तार हलू नये म्हणून.

वीज जोडली. घड्याळ गप्प. रोटर नुसता थरथरतोय.

इथं ती मागची घुंडी लागते. एक्झॉस्ट फॅनच्या छोट्या मोटारीत पोलच्या एका कोपऱ्यावर तांब्याची रिंग बसवलेली असते. आम्ही त्याला शेडेड पोल म्हणतो. त्या रिंगमुळं चुंबकक्षेत्र एका बाजूला सरकतं आणि मोटर आपली आपण सुरू होते. ह्या घड्याळात ती रिंग नाही. मागची घुंडी बोटांनी पिळायची, रोटरला ठेक्याच्या आसपास आणायचं, मग तो स्वतः ठेका धरतो. मी घुंडी पिळली. सेकंद काटा सुटला, मऊ, एकसारखा. आणि दुकानातलं पोरगं ओरडलं, “दादा, उलटं पळाय लागलंय!”

खरंच उलटं चाललं होतं. बारावरून अकराकडं, तितक्याच शांतपणे. बिनरिंगच्या मोटारीला उजवं-डावं कळत नाही, ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला ती जाते. काही कंपन्या उलटं जाऊ नये म्हणून आत खटका बसवायच्या, ह्यात नव्हता. थांबवून दुसऱ्या बाजूला पिळली.

हातानं सुरू करायची ही सोय मला सुरुवातीला अपुरी वाटली होती. आता मला ती ह्या घड्याळातली सगळ्यात विचार करून केलेली गोष्ट वाटते. समजा घड्याळ आपलं आपण सुरू होणारं आहे. दुपारी वीस मिनिटं लाइट गेली आणि आली. घड्याळ पुन्हा चालू. काटे फिरतायत, सगळं ठीक दिसतंय, आणि वेळ वीस मिनिटं चुकीची. त्याच्या भरवशावर तुमची एसटी जाते. हातानं सुरू होणारं घड्याळ लाइट गेली की थांबतं आणि थांबलेलंच राहतं. सेकंद काटा हलत नाही म्हणजे ह्याच्यावर विश्वास ठेवू नका, असं ते स्वतः सांगतं.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवला गेला. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲशलंड गावच्या हेन्री वॉरन ह्या इंजिनिअरनं आपलं आपण सुरू होणारी छोटी सिंक्रोनस मोटर बनवली. पुढं त्याच्या कंपनीचं नाव टेलेक्रॉन झालं. टेलेक्रॉनच्या बऱ्याच घड्याळांच्या डायलवर एक छोटी खिडकी असते. वीज एकदा जरी गेली तरी तिथं लाल ठिपका येतो आणि कुणी तो हातानं मागं सारेपर्यंत राहतो. हुशार कल्पना आहे, पण मी इंग्रजी पद्धतीच्या बाजूचा. ठिपका कोपऱ्यात असतो, थांबलेला काटा मधोमध.

वॉरनची मोठी गोष्ट मात्र मोटर नव्हे. त्यानं घड्याळं बनवली तेव्हा ती चुकायला लागली. मोटर निर्दोष होती, पण वीज कंपन्यांची फ्रिक्वेन्सीच, म्हणजे सेकंदाला किती सायकल तेच, नीट नव्हती. दिव्याला काय, ६० सायकल असली काय आणि ५९ असली काय. मग घड्याळ दुरुस्त करायच्या ऐवजी हा माणूस पॉवर हाउस दुरुस्त करायला गेला. १९१६ साली बॉस्टनच्या एडिसन कंपनीच्या वीजकेंद्रात त्यानं एक मास्टर घड्याळ बसवलं. त्याला दोन काटे. एक लंबकाच्या अचूक घड्याळावर चालणारा, दुसरा केंद्राच्याच विजेवर. ऑपरेटरनं एवढंच करायचं, दोन्ही काटे एकावर एक ठेवायचे. विजेचा काटा मागं पडला तर टर्बाइन जरा वाढवायचं, पुढं गेला तर कमी करायचं. त्या एका डायलमुळं गावातलं प्रत्येक विजेचं घड्याळ बरोबर चालायला लागलं.

इंग्लंडमध्ये गावागावांची वीज वेगवेगळी होती, कुठं डीसी, कुठं एसी, सायकलही निरनिराळे. १९२६ च्या कायद्यानं त्यांनी सगळ्या देशासाठी ५० सायकलचं जाळं विणायला घेतलं आणि १९३३ पासून ते चालू झालं. त्याच सुमारास तिकडं विजेच्या घड्याळांचं पीक आलं. स्मिथ्सची ‘सेक्ट्रिक’, टेमको, आणि फेरांटी. फेरांटीचं नाव आम्हा लोकांना ट्रान्सफॉर्मरमुळं ठाऊक. ट्रान्सफॉर्मरवाल्यांनी घड्याळं करावीत ह्याचं मला आधी नवल वाटलं, आता वाटत नाही. कॉइल आणि स्टॅम्पिंग हेच तर दोन्हीकडं.

आता घडणीविषयी, कारण ह्या घड्याळांवर माझा जीव जडला तो त्यामुळं.

आपल्याकडच्या वाड्यांत असायची ती लंबकाची घड्याळं आठवा. लांबुडकी शिसवी पेटी, कारण आत लंबक झुलायला जागा पाहिजे. डायलवर दोन भोकं, चावी द्यायला. पुढची काच बिजागरीवर, आठवड्याला एकदा उघडायला. पेटीचा सगळा आकार आतल्या यंत्राच्या गरजेनं ठरलेला, वरचा कळस आणि खांब तेवढे सुताराचे. विजेच्या घड्याळानं ह्या तिन्ही गरजा एकदम काढून टाकल्या. लंबक नाही म्हणून लांबी नको. चावी नाही म्हणून डायलला भोक नको. काच उघडायची नाही म्हणून ती कायमची बसवून टाका, धूळ जाणार नाही. उरलं काय? डायल, काटे आणि भोवती एक कडं. १९३० नंतरच्या ह्या घड्याळांत जो नितळपणा दिसतो तो नुसत्या फॅशनचा नाही, लपवायला काही उरलंच नव्हतं.

त्यात बॅकेलाइट आलं. लिओ बेकलँडनं १९०७ मध्ये शोधलेला हा पहिला पूर्ण कृत्रिम प्लास्टिकचा प्रकार. साच्यात घालून उष्णता आणि दाब दिला की घट्ट होतो, परत वितळत नाही, आणि वीज वाहून नेत नाही. जुने काळे स्विच, होल्डर ह्याचेच. मावशींच्या घड्याळाचं कडं तीन पायऱ्यांचं आहे. देवळाच्या जोत्याला जशा थरावर थर असतात तशा तीन गोल पायऱ्या आत उतरत डायलपर्यंत जातात. त्यामुळं भिंतीपासून चांगलं दोन इंच पुढं असूनही घड्याळ जाड दिसत नाही. मी ते पॉलिश केलं नाही. बफ मारला की बॅकेलाइटचा वरचा गुळगुळीत थर जातो आणि आतला भुसा उघडा पडतो. सुती फडकं, थोडं मेण, बस्स.

एक प्रश्न मात्र घडवणाऱ्यांना सुटला नाही, वायरीचा. एवढं देखणं गोल आणि खाली शेपटी. इंग्लंडमध्ये भिंतीवर घड्याळासाठी म्हणून वेगळी चपटी छोटी जोडणी मिळायची, फ्यूजसकट. अमेरिकेत भिंतीत खोल बसवलेला प्लग यायचा, त्यालाच आकडा, घड्याळ त्याच्यावर टांगलं की वायर मागं दडते. मावशींच्या सासऱ्यांनी काय केलं होतं ते मी नंतर त्यांच्या घरी बघितलं. बॅटन पट्टीच्या जुन्या वायरिंगमधून एक फाटा काढून, भिंतीत लाकडी गट्टू ठोकून, त्यावर राउंड ब्लॉक, आणि घड्याळ बरोबर त्या ब्लॉकवर झाकण घातल्यासारखं. पट्टीवरच्या क्लिपा एका अंतरावर, एका रेषेत. माणूस गिरणीत वायरमन होता. इंग्लंडचं घड्याळ १९६४ साली त्यानं मुंबईच्या चोर बाजारातून जुनं आणलं, आणि ते इथं नीट चाललं, कारण त्यांचीही ५० सायकल, आपलीही ५० सायकल, व्होल्टेजही जवळपास तेच.

अमेरिकेचं घड्याळ असतं तर चाललं नसतं. माझ्या मित्राकडं एक आहे, भावानं तिकडून आणलेलं. ११० चा ट्रान्सफॉर्मर लावून दिला तरी दर तासाला बरोबर दहा मिनिटं मागं पडतं. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज बदलतं, सायकल बदलत नाहीत. ६० साठी कापलेली चाकं ५० वर फिरली की साठ मिनिटांची पन्नास होणारच. जपानमध्ये तर एकाच देशात पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० आहे, सुरुवातीला जनरेटर एकीकडं जर्मनीचे आले आणि दुसरीकडं अमेरिकेचे, तेव्हापासून. तिथं घर बदललं की घड्याळ गेलं.

दुरुस्त झालेलं घड्याळ मी लगेच दिलं नाही. मावशींची परवानगी घेऊन अकरा दिवस दुकानात टांगलं. रोज सकाळी नऊला मोबाइलशी ताडून वहीत लिहिलं. पहिल्या दिवशी ९ सेकंद पुढं. दुसऱ्या दिवशी १४ मागं. मग ३ पुढं. संध्याकाळी दिवेलागणीला मागं रेंगाळायचं, मध्यरात्रीनंतर भरून काढायचं. अकराव्या दिवशी एकूण चूक होती २१ सेकंद. घड्याळात दोष काही नव्हता. संध्याकाळी सगळीकडं दिवे-पंखे लागतात, जनरेटरवर भार येतो, ते अंशानं हळू होतात. सुंदर गोष्ट ही, की ते हळू होणं मला माझ्या भिंतीवर दिसत होतं.

हिशेब सोपा आहे. ५० ऐवजी ४९.५ सायकल दिवसभर राहिली तर एक टक्का फरक, म्हणजे दिवसाला १४ मिनिटं २४ सेकंद मागं. ४९ राहिली तर जवळजवळ अर्धा तास. आणि आपल्याकडं एके काळी हे व्हायचं. आबा सांगतात, उन्हाळ्यात फ्रिक्वेन्सी मीटरची पट्टी ४९ च्याही खाली थरथरताना त्यांनी बघितलीय. पंपाची मोटर मंद फिरायची, पाणी कमी यायचं, शेतकरी मोटर जळाली म्हणून घेऊन यायचे आणि मोटर चांगलीच असायची. पुढं १ जुलै २००२ पासून आपल्या पश्चिम विभागात विजेच्या दराची नवी पद्धत आली. फ्रिक्वेन्सी खाली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर महाग पडायला लागली. तेव्हापासून ठेका सुधारला. आता ४९.९० ते ५०.०५ च्या मध्ये ठेवायचा नियम आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाइननं दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला जोडलं गेलं. त्या दिवसापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच हलगी.

युरोपात २०१८ च्या जानेवारी ते मार्चमध्ये सर्बिया आणि कोसोवो यांच्या वादात विजेचा हिशेब जुळेना, थोडी वीज कमी पडत राहिली. सरासरी फ्रिक्वेन्सी ४९.९९६ पर्यंत उतरली, एवढीच. पण स्पेनपासून पोलंडपर्यंतची ओव्हनवरची, रेडिओची घड्याळं जवळजवळ सहा मिनिटं मागं पडली. दोन शेजाऱ्यांचं भांडण हजार मैलांवरच्या स्वयंपाकघरात दिसलं. मला ही बातमी वाचून तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता ती मी पुन्हा शोधून वाचली.

अकराव्या दिवशी घड्याळ घेऊन मी स्वतः मंगळवार पेठेत गेलो. जुनी वायर काढून नवी टू-कोअर घातली होती, रबर तडकलेलं असलं की बॅकेलाइट कितीही चांगलं असून उपयोग नाही. आत अर्ध्या अँपिअरचा काचेचा फ्यूजही दिला. न्यूट्रल पुन्हा तुटला तर फ्यूज दहा रुपयांचा आहे, कॉइल परत घालायची ताकद माझ्यात आहे की नाही सांगता येत नाही. मावशींनी विचारलं, बिल किती येईल ह्याचं लाइटचं? दोन वॅट धरले तर वर्षाला साडेसतरा युनिट.

चहा ठेवता ठेवता त्यांनी भूकंपाचं सांगितलं. लग्न होऊन त्या घरात आल्या त्याला वर्षही झालं नव्हतं. ११ डिसेंबर १९६७. पहाटे भांडी खणखणली, कौलं हलली, सगळी गल्ली थंडीत रस्त्यावर. कोयनेचा भूकंप. पेठेतली वीज गेली. उजाडल्यावर मामंजी घरात आले आणि पहिलं घड्याळाकडं बघितलं. चार वाजून एकवीस मिनिटं. काटा तिथंच उभा.

“वीज आली तरी तीन दिवस त्यांनी त्याचा कान पिळला न्हाई,” मावशी म्हणाल्या. “सासूबाई म्हणाल्या, अहो, चालू करा. तर म्हणाले, तिकडं माणसं गेल्यात. ऱ्हाऊ दे.”

मामंजी त्या घुंडीला कान म्हणायचे. आणि घड्याळ लावायची त्यांची पद्धत मी नंतर दुकानातल्या पोराला शिकवली, कारण तिच्याइतकी नेमकी दुसरी नाही. काटे पुढच्या पूर्ण मिनिटावर नेऊन ठेवायचे, सेकंद काटा बारावर. घड्याळ थांबलेलंच. मग आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांची वाट बघायची, आणि शेवटच्या ठोक्याला कान पिळायचा. आपलं आपण सुरू होणाऱ्या घड्याळाला सेकंदाला सेकंद असं इतक्या सहज लावता येत नाही.

राउंड ब्लॉकवर घड्याळ बसवलं. त्या जागी भिंतीवर गोल पांढरा डाग होता, दोन वर्षं रिकामा, भोवतीचा चुना पिवळा पडलेला. घड्याळ डागावर बरोबर बसलं. काटे पाच वाजून चाळीस मिनिटांवर ठेवले. रेडिओ आता घरात नाही, नातवानं मोबाइल धरला. मी मावशींना स्टूल दिलं.

“मी कशाला? तुम्ही करा की.”

“तुमचं घड्याळ आहे, मावशी. उजवीकडं पिळा.”

त्यांनी पदर खोचला, एक हात भिंतीला टेकवला, दुसरा घड्याळाच्या मागं घातला. नातू मोजायला लागला. पाच, चार, तीन. चहा उतू गेल्याचा वास आला, कुणी हललं नाही.